मूळ लेखात बदल

आमच्या कचेरीत तिला सगळे मास्तरीण म्हणायचे. मजकुरात चूक दिसली की ती आधी चष्मा सारखा करायची आणि मग लिहिणाऱ्याला. माझी एकही बातमी तिच्या हातून विनातक्रार गेल्याचं मला आठवत नाही. मी छापखान्यात खिळे जुळवत मोठा झालेला माणूस. वेबसाइट हे प्रकरण उतारवयात माझ्या गळ्यात पडलं, आणि शेजारच्या टेबलावर मास्तरीण बसायची म्हणून मला शिकवणं तिच्या गळ्यात पडलं. शिकवलं तिने, पण फुकट नाही. रोज चार शब्द ऐकवून.

तिचे बाबा दुसऱ्या गावी एकटे राहत, बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. हाडाचे सुतार. बायको गेल्यावर लिहायला लागले. तिथल्या वर्तमानपत्रात त्यांचं सदर यायचं, 'एकट्याचं काम'. गळका नळ, करकरणारं दार, डगमगणारं टेबल, असं काहीबाही घरात दुसरं माणूस नसताना कसं दुरुस्त करायचं, ते त्यात असे. शेवट ठरलेला. 'घाबरू नका. हे काम एकट्याने होतं.' लोकांना ती ओळ पाठ होती. मीसुद्धा आमच्या न्हाणीघराचा नळ त्यांच्या भरवशावर खोलला होता, आणि बायकोच्या शिव्या खाऊन का होईना, बसवलाही होता.

त्यांचं वर्तमानपत्र, आम्ही आणि एक रेडिओ केंद्र, अशी तिघांची वेबसाइटपुरती भागीदारी होती. लेख एकाने टाकायचा, बाकीच्यांनी तो आपल्या साइटला जोडून घ्यायचा. जोडलेल्या लेखाच्या डोक्यावर साखळीचं चित्र दिसतं. त्याचा मथळा आणि फोटो आपण बदलू शकतो, मजकुराला मात्र हात लावता येत नाही. लेखाच्या मूळ साइटवर कोणी एक स्वल्पविराम काढला तर तो आपल्याकडूनही आपोआप निघतो, आणि वर पट्टी येते, 'मूळ लेखात बदल झाला आहे'. हे नको असेल तर 'दुवा तोडा' म्हणून बटण आहे. ते दाबलं की तो लेख आपली स्वतःची प्रत होतो. पुढे मुळात काहीही होवो, आपल्याकडे ना बदल येतो ना पट्टी. एवढं माझ्या टाळक्यात शिरायला जो वेळ लागला, त्याचा उल्लेख मास्तरीण अजून करते.

थंडीच्या सुरुवातीला बाबांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी ओझं उचलू नका, पडून राहा म्हणून सांगितलं. मास्तरणीचा जीव टांगणीला लागला. पण नेमकी तेव्हाच आमची साइट नव्या रूपात न्यायची होती आणि सगळ्यांच्या रजा बंद होत्या. तिने प्रवासाची पिशवी भरून टेबलाखाली ठेवली होती. येऊ का, असं ती फोनवर रोज विचारायची, आणि बाबा रोज म्हणायचे, कशाला उगाच, मी ठणठणीत आहे. त्या माणसाने जन्मात कोणाकडे पाण्याचा पेला मागितला नव्हता. हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी तिने त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला. ठेवायला सोयीचा होता. तिच्या जागी मी असतो तर मीही ठेवला असता.

अशात एके सकाळी नळाच्या लेखावर पट्टी आली. उघडून बघते तर शेवटची ओळ गायब. घाबरू नका, एकट्याने होतं, काही नाही. दुसऱ्या दिवशी दाराच्या लेखातून तीच ओळ गेली, मग टेबलाच्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिकडे नुकताच नवा संपादक आला होता. त्याचं बारसं तिने जागच्या जागी उरकलं, कात्री. ती ओळ म्हणजे बाबांची सही आहे, आजारी माणसाची सही खोडतो म्हणजे काय, असं ती मला सुनावत होती, जणू मीच खोडली होती.

फोन करून विचार त्याला, असं मी म्हटलं. तर म्हणे, भांडण झालं आणि त्याने सदरच बंद केलं तर? आणि बाबांना विचारायचं तर त्यांना कळणार की आपल्या लेखांना कात्री लागते आहे. त्यांच्या छातीला ते सोसायचं नाही. मग तिने स्वतःचा मार्ग काढला. बाबांचे सगळे लेख उघडले, एकेकाचा दुवा तोडला, आणि गेलेली ओळ जिथल्या तिथे लिहून टाकली. नवीन लेख आला की तो जोडायचा आणि लगेच तोडायचा, असा तिचा नेम झाला.

"आता कोणी हात लावून दाखवावा," ती म्हणाली. "वाचवले, काका."

मी तिला शाबासकी दिली. खरंच दिली.

त्यानंतर खुर्चीचा लेख आला. सांधे सुटलेली लाकडी खुर्ची पुन्हा कशी जोडायची, त्याचा. नेहमीसारखा नीटस, शेवटी ती ओळ. तिने तो जोडला, तोडला, आणि कामाला लागली. दोन दिवसांनी बाबांचा फोन आला. तिचे हात कामात असले की ती फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात लावायची, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"खुर्चीचा लेख बघितलास का गं?"

"बघितला, बाबा. छान झालाय."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. पहिल्यापासून वाचते मी तुमचं."

मग ते बरं म्हणाले. कामं खूप असतील ना, असं विचारलं. ती म्हणाली, डोकं वर काढायला सवड नाही, पण हे संपलं की येते. ते पुन्हा बरं म्हणाले.

नंतरही त्यांनी एकदोनदा तेच विचारलं. फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, बाबा विसरायला लागलेत, एकच गोष्ट परत परत विचारतात. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पिशवी टेबलाखाली होती.

साइट नवी झाली त्याच आठवड्यात शेजाऱ्यांचा फोन आला. झोपेतच गेले होते. तीच पिशवी उचलून ती निघाली.

परत आली तेव्हा चूक काढायचीही तिला इच्छा उरली नव्हती. माझ्या बातम्या सरळ जायला लागल्या आणि मला ते बघवेना. एकदा चहा पिता पिता ती घराबद्दल बोलली. घर लख्ख होतं, हत्यारं ओळीने लावलेली होती. फक्त मधल्या खोलीत एक खुर्ची सुटी करून ठेवलेली, पाय एका बाजूला, पाठ एका बाजूला, आणि शेजारी वाटीत सरस वाळून तडकलेला. बाबांनी अर्धवट टाकलेलं काम तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. त्याचं तिला राहून राहून नवल वाटत होतं.

काही दिवसांनी रेडिओ केंद्राच्या साइटचं काम बघणारी बाई तिला भेटायला आली. फार भली बाई. मास्तरणीचा हात हातात घेऊन बसली आणि निघता निघता म्हणाली, "निदान शेवटी तुमची गाठ पडली, तेवढंच समाधान. आमच्याकडे लोक सारखे विचारत होते."

"गाठ कुठे पडली?"

"म्हणजे? त्यांनी बोलावलं होतं ना, लेखात?"

मग मी माझ्याच कॉम्प्युटरवर रेडिओची साइट उघडली. खुर्चीचा लेख तिथे साखळीसकट होता. ठरलेली ओळ नव्हती. तिच्या जागी हे होतं:

'आजवर मी लिहीत आलो की घरातलं काम एकट्याने होतं. ते खरं नव्हतं. खुर्चीचे सगळे सांधे एकदम दाबून धरावे लागतात, नाहीतर एक बसवेपर्यंत दुसरा सुटतो. माझ्या छातीत आता तेवढं बळ नाही. माझी मुलगी लांब असते. तिला सवड झाली की तिने यावं. मी सरस भिजत घातला आहे.'

खाली वाचकांनी लिहिलं होतं. आजोबा, काळजी घ्या. आम्ही येऊ का मदतीला? आणि कोणीतरी विचारलं होतं, मुलगी आली का?

मास्तरणीने ते उभ्यानेच वाचलं. मग तिने कात्रीला फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, मुद्दाम की सवयीने, कोण जाणे.

तो संपादक बिचारा गोंधळला. "मी एका अक्षरालाही हात लावला नाही हो," तो म्हणाला. "तेच फोन करायचे. जुन्या लेखांतली ती ओळ काढा म्हणाले, लोकांना खोटं सांगितलं म्हणाले. खुर्चीचा लेख त्यांनी आधीच पाठवून ठेवला होता. तो लागल्यावर दुसऱ्या दिवशी त्याचा शेवट बदलून घेतला, तेव्हा त्यांनी मला विचारलं, हे माझ्या मुलीकडे पोचतं ना? मी म्हटलं, आपोआप पोचतं. काळजी करू नका."

"बरोबर सांगितलंत तुम्ही," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मला त्या बटणाचा इतका राग आला की काय सांगू. पण बटणाने कोणाचं काय वाकडं केलं होतं? पोरीने बापाचा शब्द जिवापाड जपला, आणि बाप तोच शब्द परत घेत होता. मी दिलेली शाबासकी मला आठवली, आणि मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

ती दिवसभर एकेक लेख उघडत होती आणि 'पुन्हा जोडा' दाबत होती. दर वेळी यंत्र विचारायचं, 'तुमची प्रत पुसली जाईल. पुढे जायचं?' ती हो म्हणायची, आणि आमच्या साइटवरून ती ओळ जायची. नळातून गेली, दारातून गेली, टेबलातून गेली. मी माझी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसून राहिलो. दुसरं काय करणार? खुर्चीच्या लेखापाशी तिचा हात थांबला. मी दाबू का, असं मी विचारलं.

"नको, काका. यात मलाच बोलावलंय."

तिने दाबलं. साखळी आली, आणि वर पट्टी झळकली, 'मूळ लेखात बदल झाला आहे'.

घरी जाण्याआधी मी रेडिओच्या साइटवर तो लेख पुन्हा उघडला. मुलगी आली का, या प्रश्नाखाली कोणीतरी उत्तर लिहिलं होतं. नाव दिलेलं नव्हतं.

'नाही आली. तिला आज कळलं.'