ताईच्या रजेतला आठवडा

ताई रजेवर गेली आणि प्रयोगशाळेतल्या सगळ्यांत धाकट्या पोरीने, मुंगीने, वाढवलेल्या पेशी मेल्या.

आठ महिने त्या कशा तरारून वाढत होत्या. शरीरात आपोआप विरघळणाऱ्या पॉलिमरच्या नखाएवढ्या चकत्या प्लेटमध्ये ठेवलेल्या, त्यांवर हाडाच्या पेशी आणि वर गुलाबी पोषणद्रव. दर तीन दिवसांनी द्रव बदलायचा, पेशी मोजायच्या. मोडकी हाडं सांधायच्या पट्ट्या याच पॉलिमरच्या करायच्या की नाही, हे मुंगीच्या अहवालावर ठरणार होतं; अहवाल शुक्रवारी जाणार होता. आणि नेमक्या याच खेपेला तिसऱ्या दिवशी द्रव पिवळाजर्द. म्हणजे आम्ल. विरघळता विरघळता चकती आम्ल सोडत होती आणि पेशी माना टाकत होत्या.

मुंगीने आधी स्वतःचीच झाडाझडती घेतली. तापमान तेच, चकत्या त्याच, हातही तोच. बदललं होतं एवढंच, की शेजारचं ताईचं टेबल आठवडाभर रिकामं होतं.

सोमवारी ताई आली. मुंगीला पिपेट धरायला शिकवलं ते तिनेच.

"ताई, मी द्रव बदलते त्याच्या मधल्या दिवसांत माझ्या प्लेटना कोण हात लावायचं?"

"मीच की." ताई सहज म्हणाली. "अगं, आठ महिन्यांपूर्वी, अगदी पहिल्या खेपेला पेशी मेल्या तर दोन दिवस जेवली नव्हतीस तू. म्हटलं, रोज द्रव बदलला तर काय बिघडलं? आम्ल धुऊन जातं."

"आणि माणसाच्या मांडीत रोज द्रव बदलायला कोण जाणार? तू?"

"जीभ फार चालायला लागली हं, मुंगे!"

"आठ महिने मी ते आकडे मिरवत होते, ताई. तू टाळ्या वाजवत होतीस."

ताईने नजर चुकवली. "आपल्या लॅबच्या सरांनाही माहीत आहे. म्हणाले, पोरीला कशाला सांगतेस, चाललंय ते चालू दे."

मुंगीला वाटलं, आता रडू फुटणार. फुटलं नाही. तिने नोंदवही ओढली. त्या वहीत खोडाखोड चालत नसे; चुकीच्या नोंदीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी कारण आणि सही. ती त्या आठ महिन्यांच्या पहिल्या पानापासून रेघा मारू लागली. कारण: 'द्रव रोज बदलला जात होता. मला सांगितलं नव्हतं.'

"वेडी आहेस का? अहवालाचं काय?"

"जाईल ना. शेवटच्या आठवड्याचा जाईल. तेवढाच माझा आहे."

मुंगीने पान उलटलं.