बॉनेटवरचा चहा

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात हौसेरावांची आणि धनाजीची अशा दोन पिकअप गाड्या अकरा वर्षं शेजारी-शेजारी उभ्या राहायच्या. गाड्यांच्या कंपन्या वेगळ्या, त्यामुळे भांडण रोजचं.

"भरल्या गाडीनं खंबाटकीचा घाट चढून दाखव," हौसेराव गुरगुरायचे. "ताकद लागते!"

"काय चाटायचीय ती ताकद?" धनाजी म्हणायचा. "माझी थंडीतबी एका सेल्फला चालू होती."

निवाड्याची रीत ठरलेली होती. धनाजी दोन ग्लास चहा आणायचा. इंजिनं चालू करून दोघं आपापल्या बॉनेटवर ग्लास ठेवायचे. ज्याचा चहा आधी सांडेल, त्याचं इंजिन भंगार. दर वेळी धनाजीचाच सांडायचा. जिंकूनही हौसेराव कुरकुरायचे, "माझा ग्लास कायम अर्धाच कसा रं?"

गेल्या महिन्यात धनाजी झोपेतच गेला. त्याच्या जागी आता कुणाचा तरी सीएनजी टेम्पो लागतो. टेम्पोवाला पोरगा कानात इयरफोन घालून बसलेला असतो. महिनाभर हौसेराव कुणाशी भांडले नव्हते.

आज ते स्वतःच चहाच्या टपरीवर गेले.

"अर्धाच देऊ ना?" चहावाल्यानं विचारलं. "धनाजीभाऊ तुमचा तसाच सांगायचे."

हौसेरावांनी ग्लास त्याच्यापुढं सरकवला. मग खेकसले, "काठोकाठ भर!"

त्यांनी इंजिन चालू केलं आणि ग्लास बॉनेटवर टेकवला. टेकवताच चहा ओघळून थेट नंबरप्लेटवर आला.

"लबाडा!" ते शेजारच्या जागेकडे वळून ओरडले.

टेम्पोवाल्यानं इयरफोन काढले. "काय झालं, काका?"

"तुला न्हाय," हौसेराव म्हणाले.