एकशे नव्याण्णव गुंजा

हर्षलाबाईंना कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय चैन पडत नसे. डब्यात खडू किती उरले, कपाटात कात्र्या किती, ओट्यावर चपलांचे जोड किती, सगळं त्यांना तोंडपाठ. पहिली-दुसरीचा वर्ग सांभाळायचा तर हा गुण बराच म्हणायचा, पण गुणाचाही कधीकधी अतिरेक होतो. मागच्या आठवड्यात एक कात्री कमी भरली, तर बाईंनी दहाही पोरांना दप्तरं जमिनीवर रिकामी करायला लावली. कात्री शेवटी त्यांच्याच टेबलाच्या खणात निघाली. "चला, मिळाली एकदाची," म्हणून बाईंनी विषय संपवला. पोरांनी मुकाट्यानं दप्तरं भरली, पण त्यांच्यापुरता तो संपला नव्हता.

शाळा कर्जतजवळच्या कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकलेल्या एका वाडीतली. दोन खोल्या, दोन शिक्षक. बाई खोपोलीच्या कॉलनीत वाढलेल्या, रोज स्कूटीवरून यायच्या. रान त्यांनी पाहिलं होतं तेही स्कूटीवरूनच.

शनिवारी घरी जाताना रस्त्याकडेच्या कुंपणावर त्यांना एक वेल दिसला. शेंगा तडकून उघडलेल्या आणि आत लालभडक दाणे, प्रत्येकाच्या टोकाला काळा ठिपका. गणिताच्या पेटीतले मणी उंदरांनी आणि पोरांनी मिळून कधीच संपवले होते. बाईंनी अर्धा तास उभं राहून जेवणाचा डबा दाण्यांनी भरला आणि रविवारी घरी बसून त्यातले बरोबर दोनशे निवडले. फुकटात साहित्य मिळालं म्हणून स्वारी भलतीच खूश होती.

सोमवारी दहा पोरांपुढे दहा करवंट्या मांडल्या आणि प्रत्येकीत वीस दाणे घातले. पोरांनी हात मागे घेतले आणि एकमेकांकडे बघितलं. बाईंना वाटलं, पोरं हरखली. फक्त गजानं हात पुढे केला. गजा पहिलीतला. जगातली प्रत्येक वस्तू एकदा तोंडात घालून बघायची, असा त्याचा नेम होता. त्याच्या शेजारी दुसरीतली भागी बसली होती. तिनं त्याच्या हातावर अशी सणसणीत चापट मारली की गजानं भोकाड पसरलं, त्या झटापटीत भागीची करवंटी कलंडली आणि दाणे चौफेर पळाले.

"भागी! शाळेत मारायचं नाही, कितीदा सांगितलंय? उचल ते सगळे!"

भागीनं मान खाली घातली आणि दाणे वेचले. बाईंनी दशक-एकक शिकवायला घेतलं. फळ्याकडे वळताना त्यांनी खुर्ची मागे सरकवली, तेव्हा काहीतरी कट्‌कन वाजलं. खुर्ची जुनीच होती, बाईंनी लक्ष दिलं नाही. थोड्या वेळानं भागीनं करंगळी वर केली.

"आत्ताच? जा, आणि लवकर ये."

ती परत आली तेव्हा फ्रॉक कोपरापासून पोटापर्यंत भिजला होता. नळावर खेळत बसली असणार, असं म्हणून बाईंनी तेही सोडून दिलं. त्यांना फोटो काढायचा होता. उपक्रम केला आणि फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला नाही, तर उपक्रम झालाच नाही असं हल्ली धरतात. लाल दाणे फोटोत झकास दिसत होते. 'आनंददायी गणित, इयत्ता पहिली व दुसरी.' लगेच अंगठे आले, टाळ्या आल्या, शाळेतले दुसरे शिक्षक किशोर सर कर्जतला मीटिंगला गेले होते, त्यांनी तिथून फुलांचा गुच्छ पाठवला. सगळ्यात शेवटी हिरामण गुरुजींचा संदेश आला. गुरुजी दुसऱ्या शाळेतले, निवृत्तीला टेकलेले, ग्रुपवर कधी चकार शब्द काढत नसत.

'बाई, या गुंजा आहेत. विषारी असतात. मोजून गोळा करा. एकही पोराच्या पोटात जायला नको.'

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. गुंजभर सोनं त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या, पण ती गुंज हीच, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आवाज शक्य तितका साधा ठेवून त्यांनी करवंट्या परत मागवल्या आणि टेबलावर मोजायला घेतल्या. वीस, चाळीस, साठ. गजाच्या करवंटीत वीसच्या वीस होत्या, तेव्हा अर्धा जीव परत आला. भागीची करवंटी शेवटची. सतरा, अठरा, एकोणीस.

एकशे नव्याण्णव.

बाईंनी पुन्हा मोजल्या. टेबलाखाली पाहिलं, चटई झटकली. मग त्यांच्या तोंडून सवयीनं तेच निघालं, कात्रीच्या वेळचं.

"भागी, एक कमी आहे. कुठे गेली?"

भागीनं पायानं दप्तर मागे सरकवलं.

"घेतलीस का तू? तोंडात टाकलीस? खरं सांग, मी रागावणार नाही." हे वाक्य बाई रागावूनच बोलत होत्या.  भागीनं हात पाठीमागे नेऊन धरले होते.

तेवढ्यात खिचडीची थाळी वाजली. पोरं ओट्यावर ओळीनं बसली. खिचडी शिजवणाऱ्या सोनुबाई म्हणजे भागीची आजी, त्यांनी सगळ्यांना वाढलं. सगळे तुटून पडले, पण भागीनं थाळीला बोट लावलं नाही. ती गुडघे दुमडून, पोटाशी हात आवळून बसली होती. बाईंनी ते पाहिलं. पोट दुखतंय पोरीचं. गिळली. माझ्याच हातानं मी तिला विष मोजून दिलं.

करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती, असं इतर वेळी म्हटलं असतं. त्या वेळी बाईंना फक्त एवढंच कळत होतं की सात वर्षांची पोर आणि कर्जतचा दवाखाना यांच्यामध्ये अख्खा घाटरस्ता आहे. त्यांनी हेल्मेट डोक्यात घातलं, स्कूटीची किल्ली घेतली आणि धावत सोनुबाईंकडे गेल्या.

"सोनुबाई, चला, भागीला घेऊन मागे बसा. तिनं गुंज खाल्लीय. मीच दिली होती हो. मला माहीत नव्हतं. माझ्यामुळे झालं सगळं." बोलता बोलता बाई रडायलाच लागल्या.

सोनुबाईंनी पळी खाली ठेवली. आधी बाईंकडे पाहिलं, मग नातीकडे. चेहऱ्यावरचा रंग त्यांच्याही उडाला होता, पण त्या धावल्या नाहीत. भागीपुढे उकिडव्या बसल्या.

"भागे, गुंज खाल्लीस?"

भागीनं मान हलवली. नाही.

"मंग कुठं हाय ती?"

भागीनं बाईंकडे चोरून पाहिलं. "आजी, बाई दप्तर वतायला लावतील."

"न्हाय लावत. बोल तू."

भागी उठली आणि शाळेच्या मागे चालू लागली. तिच्यामागे आजी, आजीमागे बाई, आणि खिचडीचा घास तोंडात तसाच धरून गजा. ऐनाच्या झाडाखाली एक चपटा दगड होता. भागीनं तो पायानं सरकवला. खाली वहीच्या कागदाची घट्ट पुडी होती. सोनुबाईंनी काडीनं ती उलगडली. आत गुंजेची दोन शकलं निघाली. एक काळ्या टोकाचं, एक लाल.

"बाईंच्या खुर्चीखाली फुटली," भागी आजीला म्हणाली. "गजा समदं तोंडात घालतो. म्हनून आनली हितं."

"हात धुतलंस?"

"धुतलं. पन राख नवती."

"म्हणजे?" बाईंनी विचारलं. सोनुबाईंनी वळून सांगितलं, "आमच्यात पोरांना रांगत्या वयापास्नं सांगतात, बाई. इख गुंजीच्या आत असतं. फुटक्या गुंजीला हात लागला, तर राखेनं घासल्याबिगर त्वांडाला न्यायाचा न्हाय. आन चुलीकडं तर पोरांनी यायचं न्हाय, ह्यो तुमचाच नेम."

"मग पोट का धरून बसली होतीस गं?" बाईंनी विचारलं.

"भूक लागलीया," भागी म्हणाली.

बाई तिथेच दगडावर बसल्या. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते काय असतं, हे त्यांना बत्तिसाव्या वर्षी कळलं. त्यांनी दोन्ही शकलं पुन्हा पुन्हा पाहिली, मनातल्या मनात जोडली, आणि दोनशे पुरे भरल्यावर पदरानं डोळे पुसले.

"पण तुम्ही कुणी मला सांगितलं का नाही रे, की या विषारी असतात?"

"आमाला वाटलं, बाईंना म्हायती असंल," गजा घास गिळून म्हणाला.

सोनुबाईंनी चुलीतली गार राख ओंजळीत आणली. बाईंनी ती मागून घेतली आणि नळाखाली भागीचे हात स्वतः घासले. आजी उभ्यानं सांगत होती, नखात घाला, बोटांच्या बेचक्यात घाला, आन तुमचं बी घासा, दोनशे गुंजा तुमीच तर निवडल्यात. बाई मुकाट्यानं सांगितलं तसं करत गेल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या राखेनं हात धूत होत्या, आणि हेल्मेट अजून डोक्यातच होतं. ओट्यावरची पोरं खिदळायला लागली तेव्हा त्यांना ते कळलं.

हेल्मेट काढून त्या पोरांपुढे उभ्या राहिल्या. "आज चूक माझी होती," त्या म्हणाल्या. "भागीनं काही घेतलं नव्हतं. तिनं आपल्या सगळ्यांना जपलं."  पुढचं सोपं नव्हतं, पण सुटका याशिवाय होणार नव्हती. "आणि कात्रीच्या वेळीसुद्धा चूक माझीच होती. दप्तरं मी पुन्हा कधी रिकामी करायला लावणार नाही. उद्या मोजायला चिंचोके आणू. कुठले आणायचे, ते भागी ठरवेल."

 रूपेश नावाच्या दुसरीतल्या पोरानं हळूच दप्तर मांडीवरून काढून बाजूला ठेवलं. बाईंच्या लक्षात आलं, गेला आठवडाभर तो खिचडी खातानाही ते मांडीवर घेऊनच बसत होता.

भागीनं दोन थाळ्या खिचडी खाल्ली. बाई तिच्याशेजारी जमिनीवरच बसल्या होत्या. गुरुजींना उत्तर पाठवलं, 'दोनशे मिळाल्या. पोरांना माहीत होतं, मलाच नव्हतं,' आणि फोन बाजूला ठेवला. बोटं चाटून झाल्यावर भागी एकदम म्हणाली,

"बाई, सकाळी मी गजाला मारलं नवतं."

"माहीत आहे गं मला आता," बाई म्हणाल्या.

"मारलं व्हतं," पलीकडून गजा म्हणाला. "जोरात मारलं व्हतं."

बाई हसायला लागल्या, आणि एकदा सुटलेलं ते हसू त्यांना बराच वेळ आवरता आलं नाही.