बिनफोडणीची खिचडी

छबुबाईला जाऊन आता दुसरा हिवाळा. बद्रीनाथ चुलीपुढं बसला की त्याला दवाखान्याजवळची ती भाड्याची खोली आठवते. दोघं नवराबायको तिथं शेकासाठी राहिले होते. तिच्या गालातल्या कॅन्सरच्या गाठीवर मशिनीचा, किरणांचा शेक चालू होता. शेकताना डोकं हलू नये म्हणून तोंडावर जाळीचा घट्ट मुखवटा बसवायचे.

आहार सांगणाऱ्या ऋतुजा मॅडमनं त्याला बाजूला घेऊन बजावलं होतं, "काका, काकूंचं वजन उतरतंय. मुखवटा सैल झाला तर शेक थांबवावा लागेल. नवा होईपर्यंत गाठ काही वाट बघत बसणार नाही. तोंड आलंय, तिखट बंद. मऊ, पातळ द्या, पण तुपा-दुधाला हात आखडू नका."

बद्रीनाथनं जन्मात कधी चूल फुंकली नव्हती. तरी मुगाची खिचडी शिजवली, रवीनं घोटली, वर तूप सोडलं. छबुबाईनं वाटीत बघितलं आणि तोंड फिरवलं.

"कावून गं?"

"फोडणी न्हाई, हळद न्हाई. सुतकातलं जेवण हाय हे. मी जित्ती हाय आजून."

सिरसाळ्याकडं त्यांच्या गावात माणूस गेलं की सुतक फिटेपर्यंत घरात फोडणी देत नाहीत. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो दिवस तिनं दुधाच्या घोटावर काढला. सकाळी वजनाचा काटा आणखी खाली आला.

मग त्यानं खिचडीत हळद घातली, पळी तापवली, तुपात जिरं टाकलं. खोलीभर चर्र झालं, वास सुटला. घशात टोचायला नको म्हणून जिरं गाळून घेतलं.

छबुबाई भिंतीला टेकून बघत होती. "आवो, खोली जाळताव का?"

"तू आधी खा, मग इझवतो."

हसताना तिचा गाल दुखला. तिनं पदर तोंडाला लावला, मग चमचा घेतला. गिळताना डोळ्यांत पाणी येत होतं, पण वाटी रिकामी झाली.

"मीठ लई झालंय," ती म्हणाली. "उद्या मी सांगते तसं करा."

तेव्हापासून ती सांगायची, तो करायचा. शेवटच्या शेकापर्यंत मुखवटा घट्ट बसला.

त्या पौषात ती शेतात आली, बांधावर बसली. त्यानं कोवळा हुरडा दुधात वाटून दिला.

"म्हशीवानी पाजताव का मला, एवढं पातळ?" म्हणाली, आणि सगळा पिऊन वर विचारलं, "आजून हाय का?"