रिकाम्या खुर्चीपुढची ओंजळ

ऊन पडलं नव्हतं. ऊन उभं होतं.

स्पेनच्या मधोमध पसरलेल्या त्या तांबूस, निर्वृक्ष, अफाट पठारावर ते शुभ्र भिंतीसारखं उभं होतं, आणि त्या भिंतीला टेकून एक गाव निपचित पडलं होतं. चुन्यानं माखलेली घरं. भिंतींच्या पायथ्याशी निळीचे पट्टे. प्रत्येक खिडकीवर तळापर्यंत ओढलेला लाकडी पट्ट्यांचा पडदा. दुपारचे तीन वाजले होते आणि रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

बस निघून गेली. धूळ खाली बसली. कुमुदिनी सबनीस, वय बासष्ट, राहणार वाई, हातात एक पिशवी घेऊन गावाच्या तोंडाशी उभी राहिली.

दार, दार, दार. सगळी बंद.

तिच्याकडे भरदिवसा दार बंद दिसलं की त्याचे दोनच अर्थ होतात. एक तर घराला कुलूप, नाही तर घरात सुतक. इथे अख्ख्या गावालाच सुतक होतं. आपल्या मुलाचं असेल का, असं एक वेडं, ऊबदार, भयंकर समाधान तिच्या मनाला शिवून गेलं.

तसं काही नव्हतं. गाव जेवून झोपलं होतं.

निघताना वाईत प्रत्येकानं तिला स्पेन समजावून सांगितला होता. तिथे बैलापुढे लाल फडकं नाचवतात. तिथल्या बायका टाचा आपटून नाचतात. संत्री रस्त्यात पडलेली असतात, आणि दुपारी राजापासून शिंप्यापर्यंत सगळे ढाराढूर झोपतात. सांगणाऱ्यांपैकी कुणीच महाबळेश्वरच्या पलीकडे गेलेलं नव्हतं, पण सांगण्यात कुठे कसर नव्हती. परक्याला देश कळतो तो एवढाच, पत्र्याच्या खेळण्यावर रंगवल्याएवढा. बैल रंगवता येतो, टाच रंगवता येते. पडद्यामागची झोप कशी रंगवणार?

तिचा मकरंद त्या झोपेतच गेला होता.

साताऱ्याच्या पठारावर पवनचक्क्या दुरुस्त करता करता तो या पठारावरच्या पवनचक्क्यांपर्यंत येऊन पोचला, फेलिसा नावाच्या म्हातारीकडे खोली घेऊन चार वर्षं राहिला, आणि गेल्या शरदात, अशाच एका दुपारी, जेवून जो आडवा झाला तो उठलाच नाही. चौतिसाव्या वर्षी हृदय थांबलं. कागद, शिक्के, पुन्हा कागद, यांत आईचं वर्ष गेलं. राख मात्र इथेच राहिली, त्याच्याच खोलीत, फळीवर, एका अक्रोडी डब्यात. ती न्यायला कुमुदिनी आली होती. वर्ष भरायच्या आत ती कृष्णेत सोडायची होती. दीर अप्पांनी पंचांग पाहून तिथी काढून ठेवली होती, आणि परतीचं विमान चौथ्या दिवशीचं होतं.

एक दार किलकिलं झालं. काळोखाच्या चिरेत काळ्या कपड्यांतली, सुरकुतल्या जर्दाळूसारखी एक म्हातारी उभी होती.

“आई,” ती म्हणाली. “बस. जेव.”

कुमुदिनीच्या अंगावर सर्रकन काटा आला. शब्द मराठी होते; त्याचं नवल नाही. पण हेल मकरंदचा होता. ‘जेव’ म्हणताना शेवटी जरा लाडानं ओढायची ती लकब, कृष्णाकाठची, घरची, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या परक्या तोंडात मुक्कामाला राहिली होती. बस, जेव, झोप, ऊठ. चार हंगामांत त्यानं तिला एवढंच मराठी शिकवलं होतं. आणि फोनवर ज्या बाईशी तो रोज बोलायचा तिचं नाव ‘आई’ आहे, अशी फेलिसाची पक्की समजूत होती.

संध्याकाळी फेलिसाची भाची पिलार आली. शाळेतून निवृत्त झालेली, घासून गुळगुळीत झालेलं इंग्रजी बोलणारी. तिच्यामार्फत फेलिसानं चौकशी केली की आई हत्ती घराच्या पुढे बांधते की मागे. कुमुदिनीनं उलट विचारलं, तुमचा बैल दिसत नाही तो? पिलारनं दोन्ही प्रश्न इकडून तिकडे पोचवले. मग तिघी बराच वेळ हसल्या, आणि हसता हसता कुमुदिनीला वर्षभरात प्रथमच भूक लागली.

डबा मात्र फेलिसानं दिला नाही.

आधी फुलं, असं तिचं म्हणणं होतं.

•

पहाटेच्या धूसर, दंवार्द्र, नीलमंद उजेडात कुमुदिनीनं ते शेत पाहिलं. काल संध्याकाळी जिथे नुसतं तांबडं ढेकूळ होतं, तिथे रात्रीतून जांभळं उगवलं होतं. पानांआधी फूल, देठाआधी रंग. भाद्रपदातलं कासचं पठार कुणीतरी गुपचूप उचलून इथे आणून अंथरलं होतं. केशराची ती फुलं मिटलेली असतानाच खुडायची, कारण सूर्य चढला की ती उमलतात आणि उमलली की मलूल होतात. आणि खुडली त्याच दिवशी त्यांच्या पोटातले तीन लाल तंतू वेगळे काढायचे. पुढच्या दिवसावर टाकता येत नाही.

फेलिसाच्या घरात लांब मेज मांडलं होतं. त्यावर जांभळ्या फुलांचा डोंगर, आणि भोवती गावातल्या बायका, हळदीच्या हातांसारखी पिवळी बोटं चालवत, गावातल्या जित्यामेल्यांची सालं काढत. कुमुदिनीही बसली. फूल, नख, तंतू. फूल, नख, तंतू. तिची बोटं लगेच रुळली. वाईच्या अंगणातल्या पारिजातकाची फुलं ती अशीच निवडायची. पांढऱ्या पाकळ्या एकीकडे, केशरी देठ एकीकडे, रंगासाठी. पाच वर्षांचा मकरंद शेजारी बसून मदत करायचा. पाच-पाच देठांची चिमुकली जुडी लावायचा, सगळी तोंडं एका बाजूला. कुणी पाहिलेलं त्याला खपत नसे. “आई, बघू नको ना,” म्हणून पाठ करून बसायचा. आणि कंटाळून उठू लागला की ती दटावायची, “अर्धं टाकून उठायचं नाही.”

मेजाच्या टोकाला एक खुर्ची रिकामी होती. तिच्यापुढे फेलिसानं एक ओंजळ फुलं ठेवली.

इथली रीतच तशी, पिलार म्हणाली. या मेजाशी बसलेलं कुणी हंगाम अर्धा टाकून गेलं, की पुढच्या वर्षी त्याची खुर्ची मांडायची आणि त्याचा वाटा त्याच्यापुढे ठेवायचा. मकरंदही इथे बसायचा; तो गेला तेव्हा मेजावर फुलं होती.

दुपार झाली. बायका आपापल्या घरी गेल्या. मेजाची खोली बंद झाली, पडदे उतरले, आणि गाव पुन्हा त्या पांढऱ्या, अगाध, निःशब्द झोपेत बुडालं.

चार वाजता दार उघडलं. डोंगर होता तसाच होता. रिकाम्या खुर्चीपुढची ओंजळ मात्र निवडलेली होती. पाकळ्या एकीकडे. आणि एकीकडे लाल तंतू, पाच-पाच फुलांची जुडी, सगळी तोंडं एका बाजूला.

बायकांनी तिकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि कामाला लागल्या. कुमुदिनीची बोटं तेवढी हवेत थांबली. ती जुडी जगात दोनच माणसांना ठाऊक होती.

म्हातारीचेच उद्योग असणार, तिनं मनाला बजावलं. त्यानं शिकवलं असेल.

म्हणून दुसऱ्या दुपारी ती झोपली नाही. फेलिसाच्या खाटेशेजारी खुर्ची ओढून पहाऱ्याला बसली. म्हातारी तोंड उघडं टाकून, निर्लज्ज, निर्धास्त घोरत होती. पडद्याच्या फटींतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्या जमिनीवरून गोगलगाईसारख्या सरकत होत्या. भर दुपारी चिंचेखालून जाऊ नये, भर दुपारी विहिरीत डोकावू नये, असं तिला लहानपणी सांगितलेलं. ती वेळ आपली नसते. हे या लोकांनाही ठाऊक होतं तर. म्हणून ही दारं, हे पडदे, ही झोप. जग ज्याला आळस समजून हसत होतं, ती नुसती वाट देणं होतं. दिवसातला एक तास ज्यांचा त्यांना मोकळा करून देणं.

आणि मग तिनं ऐकलं.

बंद दारापलीकडे, अगदी बारीक. टिच्. थांबून, टिच्. देठावर नख बसल्याचा तो ओला, हिरवा, इवला आवाज.

ती उठली. दारापाशी गेली. कडीवर हात ठेवला. कडी गार होती, विहिरीतल्या दगडासारखी. वर्षभर जे मागत होती ते एका लाकडाच्या पलीकडे बसलं होतं.

टिच्.

आई, बघू नको ना.

तिनं हात काढून घेतला. दाराला पाठ लावून, पदर तोंडात धरून, ती खाली बसली, आणि तास सरेपर्यंत तशीच बसून राहिली.

त्या संध्याकाळी तिनं अप्पांना फोन करून परतीचं पुढे ढकलल्याचं सांगितलं. किती दिवस, ते सांगता येईना. अप्पा रागावले नाहीत, पण आवाज खाली गेला. “वहिनी, वर्ष भरेल. तिथी थांबत नसते.”

“तिथी थांबत नाही, भाऊजी. फूलही थांबत नाही,” ती म्हणाली. “मुलगा थांबलाय. मीच शिकवलंय त्याला.”

•

वर्ष भरलं. तिथी आली आणि गेली. त्या दिवशी कुमुदिनीनं पहाटे परक्या नळाखाली डोक्यावरून पाणी घेतलं, आणि रिकाम्या खुर्चीपुढची ओंजळ स्वतःच्या हातांनी मांडली. तिथी चुकवली खरी. पोराला आपणच अडकवून ठेवत नाही ना? फळीवरचा डबा ती रोज पुसायची. रोज तो तिला कालच्यापेक्षा जड वाटायचा.

फूल, नख, तंतू. पहाट जांभळी, दुपार पांढरी, संध्याकाळ लाल. रोज चारला तीच जुडी. मंद आचेवर चाळणीत केशर सुकायचं आणि त्याचा कडवट-गोड, मधासारखा, औषधासारखा वास घराला, केसांना, स्वप्नांना चिकटून राहायचा. डोंगर रोज लहान होत गेला. दहाव्या दिवशी टेकाड. अकराव्या दिवशी शेतात शोधून शोधून फुलं मिळाली, तेवढीच.

ओंजळ मांडली. दार लावलं. पडदे उतरले.

दारापाशी बसून कुमुदिनी ऐकत राहिली. काही नाही. उन्हाच्या पट्ट्या सरकल्या. काही नाही. एवढी शांतता, की दूर पठारावर पवनचक्कीचं पातं वळलेलं ऐकू यावं.

चार वाजता फेलिसानं दार ढकललं.

फुलं जशीच्या तशी होती. मिटलेली, जांभळी, अस्पर्श, दुपारच्या उबेनं किंचित मऊ झालेली. एकाही देठाला नख लागलेलं नव्हतं.

म्हातारीनं खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला, जसा झोपेतून जागं झालेल्या मुलाच्या पाठीवरून फिरवतात. मग शिकलेल्या चार शब्दांतला एक निवडून, आपल्या परीनं वळवून, त्याच्याच हेलात, ती हळूच म्हणाली, “उठला.”

कुमुदिनीनं ती शेवटची ओंजळ स्वतः निवडली. पाच-पाचची जुडी, तोंडं एका बाजूला. मग खोलीत जाऊन फळीवरचा डबा उचलला.

हलका होता. पिसासारखा, पाकळीसारखा हलका.

दुसऱ्या दिवशी तीनची बस होती. निरोपाला कुणी आलं नाही. गाव झोपलं होतं, आणि आता तिला त्याचं वाईट वाटलं नाही. चुन्याच्या भिंती, निळे पट्टे, तळापर्यंत ओढलेले पडदे. मांडीवर डबा, डब्यावर पिवळी बोटं. बस वळली तेव्हा तिनं मागे पाहिलं. हंगाम सरला की खुर्ची धुऊन उन्हात ठेवायची, अशीही इथली रीत होती. फेलिसाच्या दारापुढे ती ओली, लखलखती, रस्त्याकडे तोंड करून उभी होती.

रिकामी होती. या वेळी खरोखरच रिकामी.