टेपखालचा दोरा

इबादान शहरातल्या आमच्या गॅरेजवाडीत गाड्यांची वायरिंग करणारे आम्ही एकवीस जण. त्यातला सगळ्यात घाणेरडा कारागीर कोण, असं कुणी विचारलं असतं तर मी एका दमात मुफ्ताऊचं नाव घेतलं असतं. हा माणूस वायर दातांनी सोलायचा, तेही दिवसभर कोलाच्या झाडाचं कडू बी चघळून तांबड्या झालेल्या दातांनी. प्लास्टिक तिथंच थुंकायचा आणि तीच ओली वायर गाडीत जोडायचा. मला बघूनच शिसारी यायची. त्याच्या हातचं पाणीसुद्धा मी कधी प्यायलो नाही.

त्यामुळे कामोरूची मिनीबस दोरीने ओढत वाडीत आणली, आणि आठच दिवसांपूर्वी तिचे दिवे मुफ्ताऊने दुरुस्त केले होते असं कळलं, तेव्हा मला जराही आश्चर्य वाटलं नाही. ओयो गावाच्या रस्त्याला सूर्य नुकताच बुडाला होता. पुढे बकऱ्या आल्या म्हणून कामोरूने कचकन ब्रेक दाबला, आणि दोन्ही हेडलाइट एकदम गेले. बस खड्ड्यात गेली. बसमध्ये उतारू नव्हते हे नशीब. एकट्या कामोरूचं खांद्याचं हाड मोडलं.

आमच्या वाडीचा नियम जुना आहे. ज्याच्या कामामुळे माणसाला इजा झाली, त्याचा करंट तपासायचा टेस्ट लॅम्प फाटकाजवळच्या कडुनिंबाला टांगायचा. मग त्या माणसाला ना आमच्या वाडीत काम, ना शहरातल्या दुसऱ्या वाडीत. काम कुणाचं हे कळावं म्हणून प्रत्येकाने आपल्या जोडावर टेपच्या खाली आपल्या रंगाचा दोरा बांधायचा. मुफ्ताऊचा पिवळा, माझा हिरवा. सगळ्यात वयस्क मी, म्हणून तपासणी माझ्याकडे.

गुरुवारच्या सभेला सगळे बसभोवती जमले. अध्यक्ष अल्हाजी बुसारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. शेजारी हात गळ्यात बांधलेला कामोरू.

"बाबा, नीट बघा," कामोरू म्हणाला. "माझं हाड गेलं, त्याचं निदान कारण तरी कळू दे."

"कारण मला न उघडताच दिसतंय," मी म्हणालो आणि मुफ्ताऊकडे बघितलं. "काय रे, यातपण दातच चालवलेस का?"

सगळे हसले.

बॉनेट उघडलं. बॅटरी चांगली होती. फ्यूजच्या जागी तांब्याची तार कोंबलेली असणार अशी माझी खात्री होती, पण फ्यूज धड निघाला. खोटं कशाला बोलू, माझा जरा हिरमोड झाला. स्विच दाबायला सांगितला, तर दिव्यांकडे करंट सोडणारा रिले टक्कन वाजला. रिलेचे जोड मी उलगडले. पिवळा दोरा, कथलाचा गुळगुळीत डाग, वर घट्ट टेप. दातांनी सोललेल्या वायरी असल्या तरी काम स्वच्छ होतं. मी ते मोठ्याने बोललो मात्र नाही.

बल्बच्या सॉकेटपर्यंत करंट येत होता. म्हणजे करंटच्या परतीच्या वाटेत घोळ. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या प्लसला लावला आणि टोक सॉकेटच्या अर्थिंगला टेकवलं. लख्ख पेटायला हवा तो लॅम्प कसाबसा लाल झाला. वायर हलवली तर तोही विझला.

"सापडलं! अर्थिंग गेलंय," मी ओरडलो. "नवे बल्ब घातले, रिले घातला, आणि अर्थिंग कुणी बघायचं? तुझ्या सासऱ्याने?"

"बाबा, ती वायर मी सोडलीच नव्हती," मुफ्ताऊ हळूच म्हणाला.

"गप्प बस! हे काय काम म्हणायचं?"

काळी वायर बॅटरीच्या तळाशी जात होती. तिथं चिखल, ऑइल आणि उंदराच्या लेंड्यांचा लगदा साचला होता. नाक मुरडत मी बोटांनी तो खरवडून काढला. आत ती वायर पत्र्याला जोडणारा स्क्रू होता. पत्र्याचा रंग न खरवडता, तसाच रंगावर पिळलेला. तीस वर्षं मी या वाडीत एकच गोष्ट घसा फोडून सांगत आलोय, की रंगातून करंट जात नाही, आधी रंग खरवडा, मग अर्थिंग लावा. मला इतकी किळस आली की मी बाजूला थुंकलो.

"कुणाचा दोरा?" अल्हाजींनी विचारलं.

मी टेप कापली. दोरा ऑइलने काळा झाला होता. अंगठ्याने चोळला. हिरवा.

चार वर्षांपूर्वी, बकरी ईदच्या आदल्या दिवशीचं काम. घरी मेंढा बांधून ठेवला होता आणि कामोरू कानाशी घाई करत होता. मला सगळं आठवलं. मी दोरा तोडून मुठीत घेतला होता हे मात्र माझ्या नंतर लक्षात आलं.

वर बघितलं तर मुफ्ताऊने आपला टेस्ट लॅम्प गळ्यातून काढून हातात धरला होता. त्याने दोऱ्याचा रंग बघितलाही नव्हता, आणि लॅम्प द्यायला तयार होता. त्याच्या दातांची मला कधी वाटली नसेल एवढी घाण मला माझ्या मुठीची वाटली.

मी मूठ उघडली. "माझा."

मग अल्हाजींनी घसा साफ केला. "बाबा, चार वर्षांचं जुनं काम ते. शेवटचा हात मुफ्ताऊचा. त्याने बघायला नको होतं?"

"बरोबर आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

"बाबांचे डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत," आणखी एक जण म्हणाला. "मुफ्ताऊनेच बघायला पाहिजे होतं."

मघाशी माझ्या थट्टेला हसलेलीच ही माणसं. मला त्यांचा वीट आला, आणि त्यांना असं बोलायला मीच शिकवलं म्हणून माझाही.

"कामोरू, तुझं हाड माझ्यामुळे मोडलं," मी म्हणालो. तो माझ्याकडे बघत राहिला. "बाबा, तुम्ही?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

मी स्टूल उचललं आणि फाटकाकडे निघालो. अल्हाजी हाका मारत होते. कडुनिंबाखाली स्टूल हलायला लागलं, तेव्हा कुणीतरी ते धरलं. खाली मुफ्ताऊ होता.

"बाबा, उतरा. मी काही मनात ठेवणार नाही," तो म्हणाला.

"स्टूल धर नीट," मी म्हणालो. "आणि नंतर जाऊन तो रंग खरवड."

मी माझा लॅम्प फांदीला बांधला. या वेळी घाई केली नाही.