मी तेव्हा दाराखाली होतो

मित्रांनो, मी एक जुना पिवळा फलक आहे, आणि माझ्या शेजारी आजवर एकही माणूस घसरून पडलेला नाही. एकोणीस वर्षांच्या नोकरीत असा लौकिक फार थोड्यांना लाभतो. मला तो लाभला, कारण जिथे माणसं घसरत होती तिथे मी बहुधा नसायचोच.

माझा जन्म सुबोटिकाजवळच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात झाला. आमच्याबरोबर त्याच साच्याच्या खोलीत बादल्या आणि लहान मुलांच्या घसरगुंड्या तयार होत. म्हणजे घसरवणारे आणि घसरू नका म्हणणारे एकाच आईची लेकरं. माझ्या दोन्ही अंगांवर ‘सावधान, फरशी ओली आहे’ असं छापलं आणि खाली एक काळा माणूस काढला. त्याचा एक पाय हवेत आहे आणि दोन्ही हात वर. तो तेव्हापासून पडतोच आहे. त्याला अजून कोणी उचललेलं नाही.

चाचाक गावातल्या एका किराणा दुकानात मी रुजू झालो. पहिली काही वर्षं मला खूप शिव्या मिळाल्या. म्हातारे लोक मला ठेचकाळत, बायकांच्या ढकलगाड्या माझ्यात अडकत, सगळे माझ्या आईचा उद्धार करत आणि वळसा घालून जात. ते माझे चांगले दिवस होते. वळसा घालणारा माणूस पडत नाही.

मग दुकानात नवे व्यवस्थापक आले. मोमचिलो पेत्रोनियेविच. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही सांगेन. फक्त एखादी वस्तू दुकानात आहे एवढ्यानेच ती कामाला लागलेली आहे, असं त्यांना मनापासून वाटे. मागच्या कोठाराच्या दाराला स्प्रिंग होती आणि ते सारखं बंद व्हायचं. सफाईवाली झागोर्का एकदा दोन्ही हातांत बादल्या घेऊन आली. तिने मला पायाने दाराखाली सरकवलं आणि दार उघडं राहिलं. सगळ्यांना ते सोयीचं वाटलं. मलाही वाटलं, मित्रांनो. तिथे शिव्या नव्हत्या, ठेचा नव्हत्या. मी चार वर्षं तिथेच राहिलो. दाराच्या वजनाने माझा एक पाय वाकला.

“साहेब, नवा फलक आणा की,” झागोर्का अधूनमधून म्हणायची.

“आहे ना एक?” मोमचिलो म्हणायचे. आणि मी होतोच.

डिसेंबरात संत निकोलाच्या सणाआधीचे दोन दिवस आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. अर्ध्या गावाचा तो घराण्याचा संत, आणि दिवस उपासाचा, ज्यात मांस चालत नाही पण मासा चालतो, म्हणून प्रत्येकाला मासा हवा. त्यासाठी दुकानात जिवंत कार्प माशांची टाकी येते. मासा जाळीत धरला की शेपटी आपटतो आणि अर्धी बादली पाणी फरशीवर. झागोर्का पुसते, पुढचा मासा पुन्हा आपटतो. माशाला संताचं काही सोयरसुतक नसतं.

त्या गुरुवारी झागोर्काने मला दाराखालून ओढायला हात घातला.

“साहेब, टाकीपाशी तळं झालंय. फलक लावते.”

“आणि दार कोण धरणार, तुझी सासू? माशांचे क्रेट आत यायचेत. पुसून घे पटकन.”

तिने हात काढून घेतला. माझा पाय अडकला होता, मी हललो नाही. पण खरं सांगायचं तर सुटायची धडपडही मी केली नाही.

पाच मिनिटांनी रादोयका मिलिचेविच पडली.

रादोयका म्हणजे साठी ओलांडलेली, एकटी राहणारी बाई. पिटा, म्हणजे आमचा थर लावून भाजलेला पदार्थ, त्यासाठी लागतात ते कागदासारखे पातळ पापुद्रे ती घरी हाताने करून विकायची. टेबलाएवढा पापुद्रा दोन्ही मनगटांवर तोलून ताणायचा आणि फाटू द्यायचा नाही, हे गावात तिच्यासारखं कोणाला जमत नव्हतं. सणाच्या त्रेचाळीस ऑर्डरी होत्या आणि तेल संपलं होतं, म्हणून ती आली होती. टाकीपाशी तिचा पाय गेला. उजवा हात खाली आला. हातातली भाजलेल्या मिरच्यांची बरणी फुटली.

फरशीवर बसल्या बसल्या तिने आधी डाव्या हाताने झगा गुडघ्याखाली ओढला आणि मग म्हणाली, “माफ करा हं. बरणीचे पैसे लावा माझ्या नावावर.”

मनगट भलत्याच दिशेला वळलं होतं आणि बाई दुकानाची माफी मागत होती. मी हे सगळं दाराखालून पाहिलं. माझ्या अंगावरचा तो काळा माणूस हात वर करून उभ्याउभ्या पडत होता, कोठाराकडे तोंड करून, कोणालाच दिसत नव्हता. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. तेव्हा ठाऊक नव्हतं की ही तर सुरुवात आहे.

रुग्णवाहिका आली. तिच्यातल्या माणसाने आपली लाल बॅग रादोयकाशेजारी ठेवली. तेवढ्यात मोमचिलोंनी हिसका देऊन मला दाराखालून ओढलं, मागे दार धाडकन बंद झालं, आणि त्यांनी मला पाण्यात उभं केलं. मी कोसळलो. पुन्हा उभं केलं, पुन्हा कोसळलो. शेवटी मला कशाला तरी टेकवलं आणि फोनवर फोटो काढला. ‘सावधान, फरशी ओली आहे’, आणि मागे ती बाई, जिला हे आता चांगलंच ठाऊक झालं होतं.

अकराव्या दिवशी मोमचिलोंनी मला गाडीत घातलं. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जात नाहीत. त्यांनी कॉफीचं पुडकं, गुलाबी रतलूक मिठाईचा डबा आणि रसाची बाटली घेतली होती. आणि काखेत मी.

रादोयकाने दार उघडलं, तिचा उजवा हात प्लास्टरात होता. डाव्या हाताने कॉफी केली, अर्धी बशीत सांडली, पुन्हा माफी मागितली. मोमचिलोंनी मला तिच्या गालिच्यावर, कपाटाला टेकवून ठेवलं.

“रादोयका मावशी, हाच तो. केवढा मोठा आहे बघा. दिसला असेलच तुम्हाला.”

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या बाईच्या नजरेला मी त्या क्षणी पहिल्यांदा पडत होतो.

“असेल बाबा,” ती म्हणाली. “मी घाईत होते. तू आलास हेच खूप.”

त्यांनी खिशातून कागद काढून कपाशेजारी ठेवला. फलक जागेवर होता, आपण तो पाहिला होता, आपली काही तक्रार नाही आणि पुढेही राहणार नाही, असं त्यात होतं. मी जवळच उभा होतो, मला दिसत होतं.

“हे काय रे?”

“वरच्या साहेबांसाठी. ते आपलं असतंच.”

रादोयकाने चष्मा उचलला. डोळ्यांपर्यंत नेला. मग माणूस आपली कॉफी पीत समोर बसला आहे, आपण रतलूकचा डबा घेतला आहे, हे तिच्या ध्यानात आलं असावं. आमच्याकडे भेट घेऊन आलेल्या पाहुण्यासमोर कागद वाचायला घेणं म्हणजे त्याने आणलेली कॉफी त्याच्यादेखत वजन करून बघण्यासारखं आहे. तिने चष्मा ठेवून दिला आणि डाव्या हाताने सही केली.

मित्रांनो, मी तेव्हा तरी कोसळायला हवं होतं. पण कपाट मजबूत होतं.

प्लास्टर निघालं, पण मनगट वळेना. ऑर्डरी दुसऱ्या बाईकडे गेल्या. मग शेजारच्या नेवेनाने, जी वकिली करते, तो कागद पाहिला, आणि दोन वर्षांनी आम्ही सगळे न्यायालयात पोचलो. मलाही आणलं, तेही मोमचिलोंच्याच आग्रहाने. “प्रत्यक्ष बघू द्या ना न्यायाधीशबाईंना,” ते म्हणाले. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. माझ्यावर विश्वास ठेवणारे तेवढेच.

बाहेरच्या बाकावर मी रादोयकाच्या शेजारी होतो.

“चल ग, घरी जाऊ,” ती नेवेनाला म्हणत होती. “मोमचिलोची आई आणि मी एका वर्गात होतो. गाव म्हणतं, धडपडली स्वतः आणि दुकानाला कोर्टात ओढलं.”

“गावाचं मनगट मोडलं नाही, मावशी. दुकानात लोकांना बोलावलं त्यांनी, तर फरशी सांभाळणं त्यांचं काम. हे मागणं म्हणजे भीक नाही. कायद्याने तीन वर्षं दिलीत, आपण मुदतीत आहोत. त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला आहे आपल्याकडे.”

“आणि मी सही केली ते?”

“ते वाचायला हवं होतंत.”

“त्याच्यासमोर?” रादोयका म्हणाली. नेवेनाने फाइल मिटली. तीही इथलीच होती.

आत आधी झागोर्काची साक्ष झाली. “माझं तोंड नेहमी फरशीकडे असतं, मला काय दिसणार,” एवढं बोलून ती आपल्या नखांकडे बघत राहिली. तिला नोकरी टिकवायची होती, आणि घरी दोन नातवंडं. मग न्यायाधीशबाई म्हणाल्या, “तो फलक जरा उभा करा.”

मोमचिलोंनी मला मधोमध उभं केलं आणि हात सोडला. मी पडलो. त्यांनी उचललं, पाय फाकवले. मी पडलो. शिपाई मदतीला आला. तिसऱ्यांदा मी पडलो तेव्हा मागच्या रांगेत कोणीतरी हसलं.

“नवीन फरशी आहे, गुळगुळीत,” मोमचिलो म्हणाले.

नेवेनाने फोटो मोठा करून पुढे केला. “मग दुकानात हा कशावर टेकला होता? ही लाल वस्तू काय आहे?”

“रसाचं खोकं असेल.”

“त्यावर पांढरा क्रॉस आहे. ही रुग्णवाहिकेची बॅग. मावशी पडण्याआधीच रुग्णवाहिका येऊन बसली होती का?”

तेवढ्यात झागोर्का नखांवरून नजर न उचलता म्हणाली, “तो उभा राहत नाही, बाई. चार वर्षं दार धरत होता. मी त्या दिवशी काढत होते, साहेबांनी काढू दिला नाही.”

न्यायाधीशबाईंनी सही केलेला कागद हातात घेतला. कायद्याचं काहीतरी विचारतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी विचारलं, “तुम्ही आजारी बाईकडे कॉफी घेऊन गेलात, आणि येताना तिच्याकडून हे घेऊन आलात?”

मोमचिलोंचा चेहरा मानेपासून लाल होत गेला. त्यांचा स्वतःचा वकीलसुद्धा खाली पाहू लागला. खाली मी होतो. मित्रांनो, खरं बाहेर आलं ते माझ्यामुळे, असं नंतर पुष्कळजण म्हणाले. तसं काही नाही. मी साक्ष दिली नाही, माझा पाय मोडका होता.

निकाल रादोयकाच्या बाजूने लागला. तो कागद रद्द झाला, आणि दुकानाला मनगटाची, दुखण्याची आणि बुडालेल्या कामाची भरपाई द्यावी लागली. मनगट मात्र निकालाने वळलं नाही. ती आता तयार पापुद्रे विकत घेते, त्याच दुकानातून, कारण ते घराजवळ पडतं. मोमचिलो तिला बघितलं की कोठारात जातात. दार आता त्यांना स्वतःला धरावं लागतं.

तुम्ही कधी पडलात, मित्रांनो, तर आधी माफी मागू नका. डॉक्टरांकडे जा आणि लेखी घ्या. कोणी पाहिलं त्याचं नाव विचारून ठेवा. पाहुणा कागद घेऊन आला तर त्याला आणखी एक कप कॉफी द्या आणि तो पीत असताना शांतपणे चष्मा लावा. आणि तुमच्याकडे माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याला त्याच्या कामाच्या जागी उभं करा. नुसता असण्याचा काही उपयोग नसतो, हे मी लाज वाटत असतानाच सांगतो आहे.

मी सध्या न्यायालयाच्या तळघरात, पुराव्यांच्या खोलीत असतो. माझ्या गळ्यात क्रमांक आहे. झागोर्काची दुकानातली नोकरी गेली; ती आता इथल्या फरशा पुसते. या खोलीच्या दारालाही स्प्रिंग आहे आणि ते सारखं बंद होतं. सोमवारी ती दोन्ही हातांत बादल्या घेऊन आली आणि तिने मला पायाने दाराखाली सरकवलं. बाहेरचा बोळ अजून ओला आहे.